पिवळ्या पट्ट्यावरची बानोबी

गावाचं नाव घेण्यात अर्थ नाही. लातूरहून नांदेडकडं जाताना लागणारं कुठलंही गाव धरा. बाजारपेठेत गाडी लावायला जागा नाही, आणि त्यावर भाषण ठोकणाऱ्यांचा तुटवडा नाही.

याच बाजारपेठेत संगमेश्वर अप्पांची तीन मजली इमारत आहे. वर कापडाचं दुकान, खाली तळघर. हे तळघर त्यांनी गाड्या लावण्यासाठी म्हणून मंजूर करून घेतलं, फरशीवर पिवळे पट्टे मारले, आणि रंग वाळायच्या आत तिथं गाळे काढून भाड्यानं दिले. त्यातल्या एका गाळ्यात बानोबी ब्लाऊज, फॉल आणि पिको करायची. तिचं मशीन बरोबर पट्ट्यावर होतं.

बानोबीची जीभ गावात मशहूर. नवरा गेल्यावर दीर मदतीचा आव आणत आला, तर त्याला तिनं दारातूनच वाटेला लावलं. नगरसेवकाच्या बायकोला, "ब्लाऊज मापानं शिवते, मानानं न्हाई," असं ती तोंडावर सांगायची. पण पार्किंगचा विषय निघाला की हीच बाई मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घ्यायची. गाळा गेला तर खायचं काय, हे तिला कळत होतं. आणि आपण मूग गिळून बसतो, याची तिला स्वतःचीच चीड यायची.

अप्पांना असल्या अडचणी नव्हत्या. त्यांनी वाहनतळ कृती समिती काढली आणि आपणच अध्यक्ष झाले. समितीचं म्हणणं एकच, हातगाडे हटवा म्हणजे गाड्यांना जागा होईल. चोर तो चोर, वर शिरजोर.

इमारतीसमोर साखराबाईचा भाजीचा गाडा होता. बानोबीची लेक इकरा तान्ही असताना तळघरात गुदमरायची. तेव्हा साखराबाई तिला गाड्याखाली गोणपाटाच्या झोळीत निजवायची, आणि वर मिरच्या तोलता तोलता पायानं झोका द्यायची. इकरा आता नांदेडला कॉलेजात आहे. साखराबाई अजून तिथंच मिरच्या तोलते.

नगरपालिकेनं नागरिकांची बैठक ठेवली. अप्पांना तिथं बोलायला एक बाई हवी होती, कारण बाई बोलली की वर्तमानपत्रात फोटो येतो. ते तळघरात उतरले.

"बानोबी, तुम्ही फकस्त दोन वाक्यं बोला. हातगाड्यांमुळं बायकांना चालता येत न्हाई म्हणा. बाकी आम्ही बघून घेतो."

"बोलते की," बानोबी म्हणाली.

भाडेकरू बाई मालकाविरुद्ध काय बोलणार, अशी अप्पांची खात्री. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

सभागृहात मुख्याधिकारी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. शेवटच्या रांगेत साखराबाई तोंडाला पदर लावून बसली होती. अप्पांनी मोठ्या आदरानं बानोबीला उभं केलं. ती मुख्याधिकाऱ्यांकडं वळली.

"साहेब, हातगाड्यानं अडचण होती, खरं हाय. पण साखराबाईला उचलायच्या आधी मला उचला. पार्किंगच्या जागेत मी बसून राहिले. माझ्या मशिनीखाली पिवळा पट्टा हाय. मला तिथं कुणी बसवलं, ते अप्पाला इचारा."

सभागृह हादरलं वगैरे काही नाही. दोघं-तिघं हसले. गावात हे कुणाला माहीत नव्हतं? फक्त उभं राहून कुणी बोललं नव्हतं. वर्तमानपत्रवाल्यानं मात्र फोटो काढला, त्यामुळं काहीतरी करणं भाग पडलं.

केलं ते नगरपालिकेला शोभेल असंच. निवडणूक जवळ होती, म्हणून हातगाड्यांचा निर्णय पुढं ढकलला. तळघरातले गाळे मोकळे केले, पहिला बानोबीचा. बाकीचे भाडेकरू तिच्याशी बोलेनासे झाले. तिथंच रचलेल्या अप्पांच्या कापडाच्या गठ्ठ्यांना मात्र 'तात्पुरता साठा' म्हणून मुदत मिळाली. उरलेल्या जागेवर 'सार्वजनिक वाहनतळ' असा फलक लागला. फीत अप्पांनीच कापली, आणि या मागणीसाठी आपण किती झटलो ते तोंड भरून सांगितलं. लाज त्यांनी कधीचीच भाड्यानं दिली असावी.

बानोबी आता साखराबाईशेजारी, तळघराच्या उताराच्या तोंडाशी छत्री लावून बसते. पिकोला वीज लागते, ती इथं नाही, तेव्हा फॉल आणि ब्लाऊजवरच भागवावं लागतं. डोळ्यांत धूळ जाते. पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारलं तर म्हणते, "झाला की. लई उशिरा बोलले."

त्या वाहनतळात गाडी एकच असते, अप्पांची पांढरी. परवा ती उतारावरून वर आली आणि हॉर्न वाजवू लागली. अप्पांनी काच खाली केली.

"बानोबी, मशीन जरा सरकवा. रस्ता अडून राहिलाय."

बानोबीनं मान वर केली नाही. शेजारी साखराबाई मेथीच्या जुड्या बांधत राहिली.

"थांबा अप्पा," बानोबी म्हणाली, "बाही जोडून होऊ द्या. तुमच्याच सुनेचा ब्लाऊज हाय."

अप्पांनी गाडी बंद केली आणि बाही जोडून होईपर्यंत ते उतारावरच बसून राहिले.