चकाचक फरशी

त्या फरशीची आठवण आली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सोलापुरात एका संस्थेनं पक्षाघात झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करण्यासाठी केंद्र बांधलं. आराखडा माझा. मधोमध मोकळं अंगण, तिथला जुना कडुनिंब तसाच राखलेला, त्याच्याभोवती फिरायची वाट आणि वाटेला खरबरीत शहाबादी फरशी. घासून गुळगुळीत केलेली नव्हे, खाणीतून निघते तशी. आपल्या उन्हाळ्यातसुद्धा ती झाडाखाली गार राहते आणि पायाला धरून ठेवते. अधू पायाला आपल्याखाली काहीतरी आहे हे कळावं लागतं, तरच तो पुढं पडतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझे वडील तिथंच दाखल होते. जन्मभर शाळेत उभं राहून शिकवत आलेला माणूस, डावं अंग गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. त्या वाटेवर अनवाणी उभे राहिले आणि हळूहळू कठड्याला धरून झाडाला फेरी मारायला लागले. वर बाकीच्यांना दम द्यायचे, पाय घासत चालू नका म्हणून. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग संस्थेच्या अध्यक्षांना देणगीदार आणायचे होते. शहाबादी त्यांना गोठ्यातली वाटली. मी कामासाठी बाहेरगावी गेले, तेवढ्यात यांनी ती उखडून आरशासारख्या टाइल्स बसवल्या. टाइल्सवर पाला दिसतो म्हणून निंबाच्या फांद्याही छाटून टाकल्या. अक्कल काय गहाण ठेवली होती? ज्यांना धड उभं राहता येत नाही त्यांच्या पायाखाली तेल ओतल्यासारखंच की हे!

दुसऱ्याच दिवशी वडील घसरले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडाला येईल ते बोलले. ही फरशी काढा, नाहीतर केंद्राच्या पाटीवरून माझं नाव काढा, असंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, चिडू नका की. सगळ्यांसाठी चाकाच्या खुर्च्या सांगितल्यात. आता कुणीच पडणार न्हाय."

खुर्च्या आल्या. देणगीदारही आले. सगळे पेशंट एका ओळीत बसवले, मांडीवर शाली टाकल्या, फोटो काय झकास आले म्हणून जो तो खूश. चालायला शिकवायच्या जागेत एकही पेशंट उभा नव्हता, आणि त्याची लाज त्या गर्दीत कुणालाही वाटली नाही.

त्याच संध्याकाळी मी वडिलांना घरी आणलं. आमच्या दारात तशीच खरबरीत शहाबादी आहे. रिक्षातून उतरवताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि म्हटलं, "अण्णा, ही आपली फरशी. टाका पाऊल."

त्यांनी खाली पाहिलं. पाय उचललाच नाही. माझा खांदा सोडून रिक्षाचा दांडा घट्ट धरला आणि म्हणाले, "अगं, खुर्ची आणली नाहीस का?"