सुमेधचे कपडे आणायला

साताऱ्याहून निघताना आई उंबऱ्यावर एवढंच म्हणाली, "त्यानं घातलेले कपडे आण. धुतलेलं काही नको. मला त्याचा वास पाहिजे."

सुमेध माझा धाकटा भाऊ. संभाजीनगरला खोली घेऊन राहायचा, चितेगावला कंपनीत होता. गेल्या महिन्यात पैठण रस्त्यावर ट्रकनं उडवला. आम्ही त्याला दवाखान्यातून थेट गावी नेलं. त्याच्या खोलीवर जायची हिंमत तेव्हा कुणातच नव्हती.

वाळूज आलं तसे कारखान्यांचे पत्रे उन्हात चमकायला लागले. हे शहर मी पहिल्यांदाच बघत होते. "ताई, ये की, तुला नान-खलिया (नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खाऊ घालतो," सुमेध म्हणायचा. दर दिवाळीला बेत ठरायचा, दर दिवाळीला मोडायचा. आता आले. मेलं असलं येणं वैऱ्यावरही येऊ नये.

स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "बाजी (ताई), मकबरा देखना है क्या? पानचक्की भी दिखाता."

"नको भाऊ. मयताच्या घरी चाललेय."

त्यानं रिक्षा सुरू केली. शहागंज मागं पडल्यावर हळूच म्हणाला, "अल्ला सबर दे." मी बाहेर बघत राहिले. नानच्या भट्ट्यांचा वास येत होता.

गल्लीच्या तोंडाशी टँकर आडवा उभा होता, म्हणून रिक्षा सोडून चालत गेले. प्रत्येक दारात निळे ड्रम. इथं आठवडा-आठवडा नळाला पाणी नसतं. येतं त्या दिवशी सगळी गल्ली कामधंदा सोडून नळाशी उभी राहते, हे सुमेध फोनवर हसत सांगायचा.

घरमालकीण कुसुमकाकू मूळच्या पिशोरच्या. दारातच माझ्या गळ्यात पडल्या. "लई गुणाचं लेकरू हुतं, ताई. कामावरनं आलं की म्हणायचं, काकू, भाकर टाका." मग मला बळेच ताटावर बसवलं. भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी. त्या समोर बसून बघत होत्या. खाल्लं.

खोली उघडली. पलंगावर कपड्यांची चळत. शर्ट, पँट, कंपनीचा गणवेश, टॉवेल, चादर, उशीची खोळसुद्धा. सगळं धुऊन घडी केलेलं.

"काल पाणी आलं," काकू म्हणाल्या. "तुमी येणार म्हणून म्हटलं, आधी लेकराचं धुणं. माय बिचारी मळके कपडे बघून अजून रडंल. आमचं तसंच ठिवलं."

खरंच, न्हाणीच्या दाराशी त्यांच्या घरचं धुणं ढीग लागून पडलं होतं. मी खोळ नाकाला लावली. नुसता साबण.

"काकू, एखादा राहिला का हो धुवायचा?"

"नाय ओ. मोजे बी सोडले नाय."

मला किंचाळावंसं वाटलं. शिवी अगदी ओठावर आली, पण द्यायची कुणाला? आठवडाभराचं पाणी त्या बाईनं माझ्या भावावर ओतलं होतं.

"बरं केलंत, काकू," म्हटलं.

त्या चहा ठेवायला गेल्यावर मी गादी उलटी केली, पलंगाखाली वाकले, दारामागचा खिळा बघितला, एखादी बनियन, एखादा रुमाल तरी असेल म्हणून. फरशीही पुसून घेतली होती.

परतीच्या एसटीत बॅग मांडीवर धरून बसले. आईला काय सांगायचं, हे सातारा आलं तरी सुचलं नाही. सांगावं लागलंच नाही. तिनं दारातच बॅग ओढून घेतली. एकेक शर्ट तोंडाशी धरला, हुंगला, खाली ठेवला. शेवटचा ठेवून म्हणाली, "हे त्याचे न्हाईत."

"त्याचेच आहेत गं आई. काकूंनी धुतले. चांगल्या मनानं."

ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, ती अजून नीट उठलेली नाही.

लोक विचारतात, काय गं, संभाजीनगर कसं आहे? मी सांगते, माणसं फार चांगली आहेत. इतकी चांगली, की माझ्या भावाचं काही म्हणता काही उरू दिलं नाही.