पान लागलं

टेबलावर सपकन हात मारायचा आणि ओरडायचं, "नाव घे, नाव! नाव घेतल्यानं कोणी येत नाही, बाप्पा!" हे आमचे सर. अकोल्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसत असे.

आमच्या वऱ्हाडात सापाचं नाव घेत नाहीत. त्याला लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं. चावला तरी 'चावला' म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. यावर सरांचं डोकं फिरे. "त्याले मारता ते मारता, वरून त्याचं नावही खाता?"

सरांचं काय काय सांगू! धारणीच्या जंगलात अस्वल समोर आलं, तर सरांनी त्याला पाऊण तास व्याख्यान दिलं. अस्वल जांभई देऊन निघून गेलं. खोटं वाटत असेल तर मला विचारा, मी वर झाडावरच होतो. एकदा बडनेऱ्याला त्यांच्या पिशवीतून धामण निसटली आणि अख्खा डबा असा रिकामा झाला, की आम्ही दोघं अकोल्यापर्यंत आडवे झोपून आलो. घरी न्हाणीत घोरपड असायची. आंघोळीला जाताना वहिनी दार वाजवून तिला विचारत, "झालं काय वं तुयं?"

तर असा हा माणूस. आणि तो कशानं गेला, हे लिहायला बसलो की आजही लेखणी मोडावीशी वाटते.

पातूरच्या लेण्यांत आम्ही वटवाघळं पाहायला गेलो होतो. कॉलेजची जीप आम्हाला सोडून परत गेली होती. भर दुपारी दगडाआडून घोणस निघाली आणि सरांच्या पोटरीला डसली. मी काठी उचलली, तर सर माझ्यावरच खेकसले, "हात लावू नको तिले! तिच्या घरात आपण घुसलो." मग शांतपणे म्हणाले, "पोस्टात जाऊन फोन कर. जीप बोलाव. अकोल्याच्या दवाखान्यात इंजेक्शन आहे, भिऊ नको."

फोन उचलला प्राचार्यांनी. हे गृहस्थ त्याच वर्षी पुण्याहून आलेले, तोंडात कायम विडा. मी बोंबललो, "सायेब, सरांले पान लागलं! जीप पाठवा!"

"पान लागलं?" पलीकडून खो खो हसू आलं. पुढचं सगळं खरखरीत बुडालं. 'थोड्या वेळात' एवढंच कानावर पडलं. मी समजलो, जीप निघाली.

सरांना मी कसंबसं फाट्यावर आणलं. चारची अकोल्याची बस आली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "टाका मास्तरले आत!" आणि मी शहाणा, मी काय म्हणालो? "जीप येऊन राहिली न भाऊ. बशीत हाल काहून करता?"

बस गेली. जीप येईना. सरांचा पाय मुसळासारखा सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

"फोनवर काय सांगतलं बे तू?"

"सांगतलं न सर. पान लागलं म्हणून."

सर त्या रक्ताळलेल्या तोंडानं हसले. "अरे, तो पुण्याचा आहे लेका. त्याले वाटलं असंल, मी विडा खाऊन चक्कर येऊन पडलो!"

मग बैलगाडी. अकोला आलं, तेव्हा सर नव्हते.

शोकसभेत प्राचार्य विज्ञान, बलिदान असलं बरंच काही बोलले. 'थोड्या वेळात उतरेल' असं हसत सांगून फोन ठेवणारा हाच माणूस, हे मला कॉलेजच्या शिपायानं नंतर सांगितलं होतं! माझ्या अंगाची आग आग झाली. मी उठून ओरडलो, "पान लागलं म्हणजे साप चावला, सायेब! साप!"

त्यांचा चेहरा उतरला. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मग तुम्ही साप का नाही म्हणालात?"

या प्रश्नासाठी त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. उत्तर असतं, तर कदाचित केलं असतं.

आता रोज दिवेलागणीला मी उंबऱ्यात उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "साप! साप! साप!" बायको माझ्या तोंडावर हात ठेवते, शेजारी दारं लावून घेतात. साप काही येत नाही. मग मी सरांचं नाव घेतो, तितक्याच मोठ्यानं, आणि वाट बघतो.

सर खरं सांगत होते. नाव घेतल्यानं कोणी येत नाही.