अर्ध्या कमळाची आरशी

लक्ष्मीआक्कांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. आमचे ड्रॉइंगचे गुंडू मास्तर, त्यांच्या या पत्नी. शहापुरातून इंदूरच्या या गिरणीपर्यंत मी पोचलो तो त्यांच्यामुळे. त्यांच्याच धाकट्या भावानं मला इथल्या डिझाइन खात्यात चिकटवून घेतलं. हे आधी सांगितलं नाही तर पुढं नुसता राग कागदावर उतरेल आणि त्यांचं नाव राहून जाईल, अशी धास्ती वाटते. माझी शाळा इंग्रजी सहावीतच, मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, सुटली. लिहिण्यात चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आणि शाळेचं नाव मी लिहिणार नाही. इतक्या लांब असूनही त्या लोकांचं भय पुरतं गेलेलं नाही.

मास्तर गेल्याचं कळलं ते वडगावच्या मल्लाप्पाकडून. तो लुगडी घेऊन वर्षातून एकदा इकडं येतो. गिरणीच्या फाटकाशी चहा पिता पिता म्हणाला, "तुमचं ड्रॉइंगचं मास्तर गेलं की रं. तुला म्हाइत न्हाय व्हय?" तो सांगतच होता... शाळेत लई मोठी सभा झाली, फोटोला हार घातला, हेडमास्तर बोलता बोलता रडले, मास्तरांच्या नावानं ड्रॉइंगचा हॉल बांधणार म्हणाले. मग गाठोड्यातून त्यानं सभेत वाटलेला छापील शोकप्रस्ताव काढला. "तुझं मास्तर, म्हणून ठेवलं जपून." मी घडी उघडली. मजकुराच्या आधी मला त्याची चौकट दिसली. उरलेला चहा मी गटारीत ओतला. मल्लाप्पाला वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, पण त्या घटकेला जे वर आलं ती किळस होती.

शाळेत शेवटच्या वर्षांना ड्रॉइंग घेणारी पोरं म्हणजे ढ, असं सगळे धरूनच चालत. हुशारांनी संस्कृत घ्यायचं आणि आम्ही मागच्या खोलीत जायचं, जिथं मोडकी बाकं रचलेली असत आणि शेजारच्या संडासाचा वास दुपारी इतका चढे, की मास्तर खिडकी लावून घेत आणि मग अंधारात आम्हांला छाया-प्रकाश शिकवत. मी शहापुरातल्या विणकराचा. आमच्या कपड्यांना सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास. दुसऱ्या वर्गांतली पोरं मी जवळून गेलो की नाक धरत. मास्तरांनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाले, "धरू दे रं. त्यांच्या आंगावरचं धोतर काय बिनखळीचं आलंय काय?" ते खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. बोलणं असंच, कोपऱ्यातून आल्यासारखं, पण नेमकं जागी बसणारं.

वस्तुचित्रासाठी मास्तर घरून तांब्या आणि बाजारातून वांगी आणत. वांगी टेबलावर मांडून आमची रेघ कुठं जमते न जमते, तोवर शिपाई येई आणि "हेडमास्तरांनी मागितल्यात" म्हणून ती उचलून नेई. हेडमास्तरांकडं भरीत व्हायचं आणि आमच्या कागदावर नुसते देठ राहायचे. दोन-तीन शनिवार असं झाल्यावर मास्तर मुद्दाम किडकी वांगी आणू लागले. एक तर असं सडलेलं होतं, की भोकातून अळी निघाली आणि तांब्यावरून चालत गेली. शिपायानं वास घेतला आणि रिकामा परत गेला. आम्ही हसत होतो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "भोकबी काढा. दिसतंय ते काढायचं, गिळायचं न्हाय." इथं गिरणीत साहेब नक्षी बघायला येतात तेव्हा मला अजून ते वांगं आठवतं.

सहावीत ड्रॉइंगच्या दुसऱ्या ग्रेडच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं. घरी वडिलांनी, आप्पांनी, सांगून ठेवलं होतं, "पास झालास तर पुढं शीक. न्हाय तर मागावर बस. दोन्हीकडं पाय न्हाय ठेवायचा." माझं सगळं शिकणं त्या एका परीक्षेवर आलं होतं. परीक्षेला कोणाला पाठवायचं ते शाळा ठरवणार, आणि त्यासाठी आधी शाळेतच एक चाचणी झाली. संकल्पचित्राच्या कागदात काठाची नक्षी मागितली होती. मी कमळ आणि कलश काढला, पानं काढली, रंग भरला. जीव ओतला होता. पण काढली अर्धीच. आमच्या घरी काठाची नक्षी अर्धीच काढतात. मधोमध दुमडेल अशी नक्षी असली, की एक बाजू कागदावर मांडायची. तिची उलटी बाजू माग आपसूक विणतो. अख्खी काढणाऱ्याला आमच्यात हसतात. परीक्षेच्या कागदाला माग जोडलेला नसतो, हे मला सुचलंच नाही.

हेडमास्तरांनी कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. "बघा. विणकराचं पोर. अर्धं काम टाकून उठलं." आणि माझ्या जागी शाळा-कमिटीतल्या एकाच्या मुलाचं नाव घातलं, ज्याला सरळ रेघ काढायला माझी पट्टी लागायची. कागद त्यांनी आपल्यापाशीच ठेवला.

त्या संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. आक्का भाकरी थापत होत्या. मास्तरांनी मला नक्षी पुन्हा काढून दाखवायला लावली, पाटीवर. मी अर्धी काढली आणि सवयीनं थांबलो. आक्का हात तसेच पिठाचे ठेवून बघत होत्या. मग त्यांनी कोनाड्यातली आपली कुंकवाची आरशी घेतली आणि मधल्या रेघेवर उभी धरली. पाटीवर अख्खं कमळ उमललं. "अगं आई," मास्तर म्हणाले, "हे तर पुरं हाय." आक्का म्हणाल्या, "हायच की. त्यास्नी दावा जावा."

दुसऱ्या दिवशी मास्तर ती आरशी खिशात घालून हेडमास्तरांच्या खोलीत गेले. मी दाराबाहेर उभा होतो. मास्तरांनी कागद मागून घेतला, आरशी धरली, समजावून सांगितलं. हेडमास्तर वाकले. त्यांना त्यात नक्षी दिसली नाही, स्वतःची मिशी दिसली, ती त्यांनी बोटानं सारखी केली आणि म्हणाले, "शाळेत बायकांच्या वस्तू आणू नका, मास्तर." एवढंच. परीक्षा गेली.

इथं थांबलं असतं तर मी विसरलो असतो. पण पुढच्याच महिन्यात शाळेला कोणी बडा साहेब भेट देणार होता. त्याच्या मानपत्राला चौकट हवी होती, आणि हेडमास्तरांनी ठेवून घेतलेला माझाच कागद टेबलावर काढला. मास्तरांना म्हणाले, हे जरा पुरं करून द्या. मास्तर म्हणाले, "पोराचं नाव खाली घाला, आत्ता करतो." हेडमास्तर हसले. "मानपत्राच्या खाली विणकराचं नाव? साहेब काय म्हणेल?" मास्तरांनी कुंचला धुतला, फडक्यात गुंडाळला आणि ते घरी गेले. मग हेडमास्तरांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एकाकडून काम करून घेतलं. त्यानं उलटी बाजू न काढता तीच बाजू पुन्हा चिकटवली. दोन अर्धी कमळं, दोन्ही एकाच दिशेला तोंड करून, एक दुसऱ्याच्या पाठीत घुसलेलं. साहेबानं वाहवा केली. जूनपासून ड्रॉइंगचा वर्ग बंद झाला, मास्तरांना येऊ नका म्हणून सांगितलं, आणि मी मागावर बसलो.

मागावर मन लागेना. आक्कांनीच भावाला सांगावा धाडला. निघताना त्यांनी ती आरशी माझ्या पिशवीत घातली. मी म्हटलं, "आक्का, तुमास्नी कुंकवाला?" त्या म्हणाल्या, "मला जागा ठावं हाय रं कुंकवाची. तू घेऊन जा. अर्धं काढ, उरल्यालं हिच्यात बघ." मास्तर ओट्यावर पाठमोरे बसले होते. वळून म्हणाले, "आणि परीक्षेत अख्खं काढ गाढवा." तेच त्यांचं शेवटचं बोलणं... पुढं पाट्या रंगवून त्यांनी दिवस काढले असं कानावर यायचं. जाईन जाईन म्हणत राहिलो. रजेचं विचारायची भीती, नोकरी जाण्याची भीती, आणि मग लढाई आली.

आता तो शोकप्रस्ताव समोर आहे. त्यात लिहिलंय, मास्तरांनी 'स्वखुशीने सेवानिवृत्ती पत्करली'. लिहिलंय, 'विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम करणाऱ्या या कलोपासकास शाळेने नेहमीच मानाचे स्थान दिले'. संडासाशेजारचं ते मानाचं स्थान. आणि या सगळ्या मजकुराभोवती, मानपत्राच्या वेळी केलेला छपाईचा तोच ब्लॉक वापरून, माझी ती मोडलेली कमळं छापलीत. ज्या नक्षीपायी त्यांना घालवलं, तिच्याच चौकटीत त्यांना बसवलं. मुद्दाम केलं असतं तरी बरं होतं, असं वाटतं. मुद्दाम करायला निदान आठवावं लागतं. यांना आठवतसुद्धा नाही. नेहमीची चौकट, म्हणून लावून दिली. त्यातच हेडमास्तर रडलेही. हे रडणंही मला त्या वांग्यातल्या अळीसारखं वाटतं.

आरशी इथं माझ्या टेबलावर असते. पाठीचा पारा एका कोपऱ्यात उडालाय, चौकटीच्या फटीत अजून कुंकवाचा लाल कण आहे. खात्यातले लोक थट्टा करतात, "काय रे, मिशा बघतोस?" रोज अर्धी नक्षी काढतो आणि ती उभी धरून बघतो. काल शोकप्रस्तावाच्या कडेवर धरली. त्यांचं ते पाठीत घुसलेलं अर्धं झाकलं गेलं, मजकूरही झाकला गेला, आणि कमळ पुरं झालं.

आक्का, आता शेजारणी तुम्हांला म्हणत असतील, तुला आरशी कशाला आणि काठाचं लुगडं कशाला. म्हणोत. रजा मिळेल तेव्हा मिळेल, पण मी शहापुरास येईन. आप्पांच्या मागावर स्वतः बसून त्या कमळाच्या काठाचं लुगडं विणीन, दोन्ही बाजू नीट जुळलेल्या, आणि आरशीसकट तुमच्या हातात देईन. ते नेसायचं की घडी करून ठेवायचं ते तुम्ही ठरवा, तुमच्या शेजारणींनी नाही.