स्प्लिटवाले मयेकर चीफ

मयेकर चीफना मी पहिल्यांदा पाहिलं ते हवेत. आडवे. सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या एका कॉन्डोत राहायला येऊन आम्हाला चार दिवस झाले होते. शनिवारी सकाळी इराला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, घेऊन मी स्विमिंग पूलवर गेलो. शेजारच्या लहान मुलांच्या पूलमध्ये पाणी जेमतेम नडगीपर्यंत. तिथे पांढऱ्या मिशांचे, चांगले भरलेले एक गृहस्थ दोन्ही हात पसरून झेपावले आणि पोटावर आपटले. लाइफगार्ड दचकून उभा राहिला. गृहस्थ उठले, पाण्यावर तरंगणारा एक टकला चेंडू त्यांनी उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "थोडक्यात गेला. पुण्याचे ना?"

"कसं ओळखलंत?"

"नियमांची पाटी वाचत उभे आहात. आमच्याकडचा असता तर एव्हाना आत असता."

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनिअर. मूळ गाव मालवणजवळचं देवबाग. पस्तीसएक वर्षं इंजिनरूममध्ये काढून आता ते सिंगापूरच्या गोदीत दुरुस्तीला येणाऱ्या जहाजांची तपासणी करत. सुनंदावहिनी आणि ते आमच्या वरच्याच मजल्यावर राहत. पण त्यांच्या बोलण्यात देवबागपेक्षा आणि सिंगापूरपेक्षा एक तिसरंच गाव जास्त यायचं. क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं स्प्लिट. ऐन विशीत त्यांच्या बोटीचं इंजिन बिघडलं, बोट स्प्लिटच्या गोदीत लागली आणि सुटे भाग येईपर्यंत नऊ महिने हलली नाही. "तेव्हा तो देश युगोस्लाव्हिया होता. देश गेला, गाव तसंच आहे," ते सांगायचे, जणू गाव टिकवण्यात त्यांचाही थोडा हात होता.

स्प्लिटचा इतिहास चीफ असा सांगत की तिथला रोमन बादशहा त्यांच्या आळीतला वाटावा. "अख्खं साम्राज्य हातात होतं त्याच्या. एक दिवस म्हणाला, पुरे झालं. गादी सोडली, गावी आला, समुद्राला लागून राजवाडा बांधला आणि कोबी लावला. लोक बोलवायला आले, चला, राज्य बुडतंय. हा म्हणतो, आधी माझा कोबी बघा! मग तो मेला. पुढे लोक राजवाड्यात शिरले ते अजून बाहेर आले नाहीत. ख्रिस्ती लोकांना छळलंन ना त्याने? त्याच्याच समाधीचं चर्च झालं. त्याच्या भिंतींना दोऱ्या बांधून बायका आज कपडे वाळत घालतात." ही शेवटची गोष्ट ते कॉन्डोच्या मॅनेजरबाईंना विशेष रंगवून सांगत. बाल्कनीबाहेर लेंगे वाळत घातल्याबद्दल त्यांना दोन नोटिसा आल्या होत्या.

हवेत आडवं होण्याचं कारण मला त्याच दिवशी कळलं. पिचिगिन. स्प्लिटच्या लोकांचा खेळ. समुद्रात नडगीभर पाण्यात पाच जणांनी गोल करून उभं राहायचं आणि लहानसा चेंडू तळहाताने उडवत ठेवायचा. तो पाण्यात पडता कामा नये, म्हणून सूर मारायचे. पाच जण मिळेपर्यंत चीफ एकटेच चेंडू उडवत आणि एकटेच त्यामागे झेपावत. चेंडू साध्या टेनिसचाच, पण त्याची लव काढून टाकलेली. ते काम चीफ दाढीच्या ब्लेडने, चष्मा लावून, अतिशय मन लावून करत.

"आणि पॉइंट कसे मोजतात?" असं खेळायला आल्या आल्या पहिल्याच दिवशी परांजपेने विचारलं. परांजपे हा रॅफल्स प्लेसच्या बँकेतला माझा सहकारी. याला जेवणाच्या रांगेतसुद्धा आपला कितवा नंबर ते माहीत असावं लागतं.

"मोजत नाहीत."

"मग जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"Then play for what, lah?" इरा म्हणाली.

चीफ खूश झाले की मालवणीत शिरायचे. "जिंकान काय करतलंस गो? पोमालो, बाय, पोमालो!"

पोमालो हा मालवणी शब्द आहे असं आम्ही सहा महिने समजत होतो. माझी बायको मधुरा तर तो कोकणातल्या एका मैत्रिणीला फोनवर ऐटीत म्हणाली, आणि मैत्रिणीने विचारलं, "हा कुठला मासा?" तेव्हा उलगडा झाला, की हासुद्धा स्प्लिटचाच. अर्थ, सावकाश घ्या, घाई कसली. सिंगापुरात हा शब्द वापरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लिफ्ट यायला वेळ लागला, पोमालो. एमआरटीची गाडी डोळ्यांदेखत सुटली, पोमालो. गोदीतल्या बड्या साहेबाचा फोन वाजत राहिला, तरी चीफ आधी आमटीत भात कालवणार.

मुलांच्या पूलमध्ये पाच मोठी माणसं सूर मारू लागल्यावर मॅनेजरबाईंनी तिसरी नोटीस काढली आणि आमचा खेळ ईस्ट कोस्टला गेला. तिथे दर रविवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून आम्ही जमायचो. चीफ, मी, मधुरा, परांजपे आणि इरा. वहिनी काठावर चटईवर घावण्यांचा डबा घेऊन बसत. चीफचा थाट खेळापेक्षा आधीच्या सूचनांमध्ये असे. "मनगट सैल. नजर चेंडूवर. आणि पडताना चेहरा हसरा पाहिजे, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की मुद्दाम पडलात." मग ते झेपावत, आणि चेंडू त्यांच्या बोटांच्या वीतभर पलीकडे पडे. दर वेळी. "इथलं पाणी हलकं आहे," ते म्हणत. नाहीतर, "वारा फिरला." आम्हाला कोणालाच अस्सल पिचिगिन माहीत नसल्यामुळे हे पटायचं. स्प्लिटच्या किनाऱ्यावर लोक आपल्याला 'उडता भारतीय' म्हणायचे, एक जानेवारीच्या कडाक्यात तिथे खेळतात तेव्हा आपल्यालाच पहिला चेंडू देत, असं त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की परांजपे ऑफिसात त्यांची ओळख 'माजी खेळाडू' अशी करून द्यायचा.

आणि मग आन्ते येणार असल्याचं कळलं.

आन्ते हा त्या नऊ महिन्यांतला चीफचा जिवलग, तिथल्या गोदीतला वेल्डर. आता तो एका जहाजाच्या कामासाठी आठवडाभर सिंगापूरला येणार होता. आम्ही उत्साहाने रविवार ठरवला. चीफच्या मात्र अडचणी सुरू झाल्या. बुधवारी त्यांची कंबर धरली. शुक्रवारी ईस्ट कोस्टच्या पाण्यात जेलीफिश आल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलं. शनिवारी लिफ्टमध्ये वहिनी मला हळूच म्हणाल्या, "ह्यांचं काहीतरी बिनसलंय. मित्र येतोय तर माणूस खूश होईल की तोंड पाडून बसेल?"

रविवारी आन्ते आला. सत्तरीला टेकलेला, ढेरपोट्या, गुडघ्याला पट्टा. मी मनात म्हटलं, हा काय खेळणार? मी माझी जागा त्याला दिली आणि काठावर बसलो. पहिला चेंडू परांजपेने वाकडातिकडा मारला. तो म्हातारा असा काही वळला, की चेंडू त्याच्या तळहातावर नुसता टेकला आणि अलगद इरापुढे गेला. दुसरा त्याने पाठीमागून उचलला. इरा ओरडलीच. पाच मिनिटांत आम्हाला कळलं, की वर्षभर आम्ही जे खेळत होतो ते काहीतरी वेगळंच होतं.

मग आन्तेने चीफकडे चेंडू दिला. चीफ झेपावले, आपटले. चेंडू वीतभर पलीकडे पडला. आणि आन्ते कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत हसत सुटला. "अजून तसाच!" तो मोडक्या इंग्रजीत आम्हाला सांगू लागला. "नऊ महिने! नऊ महिन्यांत या माणसाचा हात चेंडूला एकदाही लागला नाही! याच्यासाठी आम्ही सहावी जागा केली होती. सगळा किनारा बघायला जमायचा!"

परांजपे हसला. मीही हसलो. चीफ हसले नाहीत. ते पाण्यातून बाहेर आले आणि टॉवेल खांद्यावर टाकून बस स्टॉपकडे चालू लागले. वहिनी डबा तसाच टाकून त्यांच्यामागे धावल्या.

आन्तेचा चेहरा पडला. "मी वाईट बोललो?" तो माझ्याजवळ वाळूत बसला. गुडघ्याचा पट्टा सोडला. मग म्हणाला, "त्याने तुम्हाला वडिलांचं सांगितलं नाही वाटतं. तो आमच्याकडे होता तेव्हा तार आली. वडील गेल्याची. ती येईपर्यंत दहा दिवस होऊन गेले होते. बोट सोडून जाता येत नव्हतं. पोरगा जेवेना, कोणाशी बोलेना, गोदीच्या भिंतीशी बसून राहायचा. आम्हाला त्याची भाषा येत नव्हती, काय समजावणार? म्हणून हाताला धरून पाण्यात नेला. पहिल्याच चेंडूला असा आपटला, की आम्ही सगळे हसलो. आणि मग तोही हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत नेला. त्याला खेळता यावं असं आम्हाला कधी वाटलंच नाही."

संध्याकाळी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर गेलो. आन्तेही होता. चीफ सोफ्यावर बसले होते. कोणाकडे न बघता म्हणाले, "मी तुम्हाला फसवलं. वर्षभर."

इरा पुढे झाली. "चीफ आजोबा, we all also cannot play, what. आज कळलं ना. मला तुम्ही पडता ते आवडतं."

परांजपे म्हणाला, "मी मोजलंय चीफ. वर्षभरात माझे एकशे बारा चेंडू पडले. तुमचे मोजायचं मी दुसऱ्याच रविवारी सोडलं."

चीफची मिशी हलली. मग पोट हललं. आन्तेने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली, की चष्मा मांडीवर पडला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच हाताने गॅस पेटवला.

त्यानंतर दोनेक वर्षं आम्ही खेळलो. चीफचा हात चेंडूला लागला तो एकदाच, आणि तो चेंडू एका चिनी आजींच्या नाश्त्यात पडला. मग निवृत्त होऊन ते देवबागला गेले. चांगी विमानतळावर निरोप घेताना आम्ही सगळे मुळूमुळू रडत होतो, आणि ते सुरक्षा तपासणीच्या रांगेतून ओरडत होते, की गोव्यात दाबोळीला पाऊस असेल, विमान फिरवलं तर मुंबईत मासे तरी मिळतील.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. मागे लाटांचा आवाज होता, आणि कोणीतरी जोरात आपटल्याचाही.

"जमले रे चार जण! एक पोस्टमन, दोन होडीवाले. आणि एक मास्तर आहेत, रिटायर्ड. बायको गेली तीन महिन्यांपूर्वी, घराबाहेर पडत नव्हते. अरे, माझ्यापेक्षा वाईट खेळतात! ठेवतो आता. ते उभे आहेत, त्यांना चेंडू द्यायचाय."