तीन पाळ्यांचा स्टोव्ह

सोनाक्काच्या घरात पुरुष तीन आणि गिरणीच्या पाळ्याही तीन. त्यामुळे तिचा स्टोव्ह दिवसातून तीनदा पेटायचा. सकाळचा भोंगा झाला की रातपाळीवरून सासरे यायचे, आप्पा. दुपारी नवरा यायचा, कुंडलिक. रात्री दुसरी पाळी सुटली की दीर, मानसिंग. तिघांनाही ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडलेली लागायची, फुगलेली, बोट लावलं तर चटका बसेल अशी. एकाच्या वेळेला थापलेली दुसऱ्याला चालायची नाही. पाळ्या फिरायच्या, पण तिघांची एक पाळी कधी आली नाही, आणि साहेबाला विचारून एक करून घ्यावी असं तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. कशाला सुचेल? पंप मारणारी घरात होती.

मी भिंतीपलीकडे राहायचे. आमची चाळ गिरणीच्या मागं, एकेक खोली आणि पुढं सामाईक पडवी. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सोलापुरात येऊन मी पहिली ओळख केली ती सोनाक्काशी. मोडनिंबकडची, अंगानं काटकुळी, बोलायला सरळ. तिला मूलबाळ नव्हतं, आणि ते तिला अधूनमधून ऐकवलं जायचं, विसरली असेल तर म्हणून. ती बिड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन बसली की पान, तंबाखू, दोरा असं काही वेगळं दिसायचंच नाही, नुसती बोटं दिसायची. बिडी कारखान्याचं कार्ड तिच्या नावावर होतं. खोली आप्पांच्या नावावर, रेशनकार्ड आप्पांच्या नावावर, भांड्यांवर कुंडलिकचं नाव. सोनाबाई कुंडलिक असं नुसत्या त्या बिडीच्या कार्डावर होतं. त्यावर फंड कापला जायचा. म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला नको, असं ती मला म्हणायची, आणि म्हणताना कार्ड ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीकडं बघायची.

चौऱ्याहत्तर साल होतं. अरबस्तानात कुणी कुणाशी भांडलं मला ठाऊक नाही, पण भाव चढला सोलापुरातल्या रॉकेलचा. चढला तर चढला, पण मिळेना. रेशनच्या दुकानापुढं पहाटेपासून डब्यांची रांग लागायची. बायका डब्याला दगड लावून घरी जाऊन पाणी भरून यायच्या, तोवर कुणीतरी डबा मागं सरकवलेला असायचा. मग भांडणं. बारा वाजता दुकानदार अर्धं फळकूट उघडून सांगायचा, "आज आलंच न्हाय." वखारीतलं लाकूडही महागलं, कारण सगळं गाव लाकडावर आलं. आदल्या दुष्काळानं झाडं तरी कुठं शिल्लक ठेवली होती?

रांगेत एक पुरुष दिसायचा नाही. सांगून ठेवते. गरम भाकरी खाणारे चौकात पेपर वाचत बसायचे आणि सरकारला शिव्या द्यायचे. सरकारला द्याव्यातच, पण डबा तरी हातात धरून द्या की!

सोनाक्काचा डबा सगळ्यांत लवकर रिकामा व्हायचा. रांगेत दिवस गेला की बिड्या कमी भरायच्या. कारखान्यात बिड्या तपासायला बसणारा माणूस आधी नुसता डोळे वटारायचा. मग एक दिवस त्यानं तिचं कार्ड हातात धरून ठेवलं.

"सोनाबाई, लई झालं आता. पान-तंबाखू न्यायचं पुरं आन बिड्या आणायच्या अर्ध्या. पुन्यांदा कमी आली तर कार्ड बंद. हितं दारात धा बाया उभ्या हायत."

त्या दिवशी ती घरी न जाता माझ्याकडं आली. पाणी प्यायली. म्हणाली, "सारजे, रविवारी अंगणात चूल मांडू. दोघीत लाकूड घिऊ. आठवड्याच्या कडक भाकरी करून ठिवू."

ह्यात नवल काहीच नव्हतं. कडक भाकरी आमच्याकडं कुणाला नवी? पातळ थापायची, मंद आचेवर दोन्हीकडून भाजायची, मग निखाऱ्याशेजारी उभी करून वाळवायची. पापडासारखी होते, महिनाभर खराब होत नाही. शेंगाचटणी, वर कच्चं तेल, नाहीतर आमटीत चुरायची. एका जाळात दोन घरांचा आठवडा निघतो. मग रॉकेल लागणार ते आमटीला आणि चहाला.

रविवारी आम्ही दोघींनी दिवसभर भाकरी थापल्या. धुरानं डोळे सुजले. पण संध्याकाळी फडक्यावर भाकरींच्या चळती बघून सोनाक्का अशी हसली, की तशी हसताना मी तिला आधी बघितलंच नव्हतं. "आता बघ," ती म्हणाली, "कसं कार्ड बंद करतेत त्ये."

सोमवारी सकाळी आप्पा रातपाळीवरून आले. मी पडवीत भांडी घासत होते, सगळं कानावर पडत होतं.

"ह्ये काय हाय?"

"कडक भाकरी हाय, मामंजी. रॉकेल न्हाय."

"शिळं घालतीस व्हय मला? रातभर गिरणीत साच्यावर उभा ऱ्हायलोय. भिकाऱ्याला तरी ताजं घालतेत."

"शिळं न्हाय. कालच केलंय. आमटी गरम हाय."

ताट सरकवल्याचा आवाज आला. आप्पा बाहेर पडवीत येऊन बसले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. आपली बायको जिवंत असती तर हा दिवस आला नसता, सून सासऱ्याला उपाशी मारते, बिडीचे चार पैसे आले की बाईला शिंगं फुटतात. दुपारी कुंडलिक आला. त्याला वाटलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण त्यानं ताटाकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि म्हणाला, "रॉकेल आन, न्हायतर लाकडं आन, काय बी कर. आप्पाला उपाशी ठिवू नगंस." मानसिंग रात्री हसत म्हणाला, "वैनी, ही खायची का छपरावर घालायची?" तो धाकटा, त्याला सगळ्याचं हसूच यायचं.

आप्पांनी दुसऱ्या दिवशीही ताटाला हात लावला नाही. चाळीतल्या म्हाताऱ्या सोनाक्काला समजवायला यायला लागल्या. म्हातारा माणूस, उपाशीपोटी रातपाळी, काही झालं म्हणजे? सोनाक्काच्याही मनाला ते खाऊ लागलं. सासऱ्याच्या पोटात दोन दिवस अन्न नाही ह्या विचारानं तिनंही आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. मला त्या वेळीही राग येत होता, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आता कळतं.

तिसऱ्या दिवशी अंधारातच ती डबा घेऊन रांगेत गेली. मी म्हणाले, "अक्का, आज बिड्या पुऱ्या न्यायच्या हायत. नको जाऊ."

"लवकर मिळंल. यिऊन वळते की."

मिळालं तेव्हा उन्हं कलली होती. ती तशीच, एका हातात रॉकेलचा डबा आणि काखेत बिड्यांचं गाठोडं, कारखान्यात गेली. बिड्या निम्म्याच होत्या. तिनं सांगून बघितलं, उद्या दुप्पट आणते म्हणाली, पाया पडली. त्यानं ऐकून घेतलं नाही. कार्डावर शाईनं एक आडवी रेघ मारली आणि मागच्या बाईला पुढं बोलावलं.

घरी आली आणि मला एवढंच म्हणाली, "रेघ मारली त्येनं." मग स्टोव्ह पेटवला. मी म्हणाले, "आता कशाला?" तर म्हणाली, "मामंजी उपाशी हायत." पीठ मळलं, भाकरी थापली. टम्म फुगली. अशी भाकरी मी जन्मात केली नाही. आप्पा मात्र घरात नव्हते, कुंडलिकही नव्हता. शेजारची पोरं म्हणाली, बसप्पाच्या खानावळीकडं गेले. आप्पा तिथं बाकावर बसून तंबाखू मळतात हे सगळ्यांना माहीत होतं. सोनाक्कानं भाकरी फडक्यात बांधली. "गरम हाय तवर देऊन येते. चल."

आम्ही बायका खानावळीत शिरत नव्हतो. दारापाशी थांबलो. आत आप्पा आणि कुंडलिक शेजारी शेजारी बसले होते, पुढं ताटं. आप्पांनी ताटातली भाकरी दोन्ही हातांनी मोडली. कडाड् असा आवाज दारापर्यंत आला. तुकड्यानं चटणी उचलली, वर तेल ओतून घेतलं आणि डोळे मिटून चावत म्हणाले, "वा बसप्पा! काय कुरकुरीत झालीया! एक आन अजून."

बसप्पाला आम्ही दिसलो. भला माणूस. हात पुसत म्हणाला, "या की अक्का. काय करायचं, कोळसा परवडंना. आठ दिस झालं आम्ही बी कडकच ठेवलंय. गिऱ्हाईक काय बोलंना, आवडीनं खातेत. तुमचं मामंजी तर दोन दिस हितंच जेवतेत."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. इथं उलटंच, बाहेरचा बाब्या आणि घरच्या बाईचं कार्टं. घरी घातली तर शिळी, पैसे मोजून घेतली तर कुरकुरीत. आणि उपास? आख्ख्या चाळीला ऐकवलेला तो उपास रोज इथं चटणी-भाकरीवर चालला होता, लेकाला शेजारी बसवून!

सोनाक्का आत गेली. त्या खानावळीत बाईमाणूस पहिल्यांदा शिरलं असेल. बाकावरचे लोक सरकले. तिनं फडकं सोडून गरम भाकरी आप्पांच्या ताटात ठेवली, कडक भाकरीच्या तुकड्यांवर.

"घ्या. गरम हाय."

आप्पांचा हात चटणीतच राहिला. कुंडलिक म्हणाला, "घरी चल, घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? हितंच बोलते. मामंजी, ह्या भाकरीपायी आज माजं कार्ड गेलं. वीस वर्सांचं कार्ड. तुमी उपाशी हायसा म्हनून मी रांगेत उबी ऱ्हायले."

बसप्पानं चुलीकडं तोंड फिरवलं. आप्पा पुटपुटले, "आमाला काय ठावं, कार्ड जाईल म्हनून."

"तुमाला न्हवतं ठावं. पन ह्यास्नी ठावं हुतं," सोनाक्का म्हणाली आणि नवऱ्याकडं बघितलं. कारण कारखान्यातल्या तंबीचं तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुंडलिकनं ताटाकडं बघितलं. मला त्या क्षणी ते ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

कार्ड परत मिळालं नाही. कुंडलिक एकदा कारखान्यात जाऊन आला, म्हणजे गेल्यासारखं केलं. सोनाक्का पुढं पलीकडच्या चंद्रव्वाच्या कार्डावर बिड्या वळायला लागली. बोटं हिची, नाव तिचं, फंडही तिचा. हिच्या हातात यायची ती उरलीसुरली मजुरी. चंद्रव्वाचाही दोष नाही, तिलाही पोट होतं. डोळ्यांना दिसेनासं झालं तोवर सोनाक्का तशीच वळत राहिली, आणि मग जे तिला नको होतं तेच झालं. चहाच्या पत्तीलाही मागनं घरात आलेल्या मानसिंगच्या बायकोपुढं हात पसरायला लागला.

आणि भाकरी? त्या संध्याकाळनंतर आमच्या दोन्ही घरच्या कडक भाकरी दर रविवारी अंगणात व्हायला लागल्या. तिघांनी मुकाट्यानं खाल्ल्या. मानसिंग दोन-दोन जास्त खायचा. आप्पांचे दात पडले तेव्हा ते आमटीत भिजवून खायचे. एकदा पडवीत बसून मलाच म्हणाले, "सारजे, मानसाला कशाची बी सवय हुती बग. आता गरम भाकरीची याद बी येत न्हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा माणूस, वाटीतली आमटी धोतरावर सांडत होती. तरी मी बोललेच.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "ती तवा तीन दिस आदी झाली असती तर लई बरं झालं असतं."