विलायती गाडीचं हेड

दामल्यांच्या घरून माईवहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "अरे, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. सकाळी नऊ वाजता दामले माझ्याशी कार्ब्युरेटरवरून तावातावाने भांडले होते, आणि दुपारी माणूस नाही. पाच आठवडे झाले, अजून पटत नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा रागही येतो.

दामले खिदिरपूरला गोदीत कस्टम्समध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबरचे सगळे पुण्याला परतले, हे कलकत्त्यातच राहिले ते त्यांच्या जुन्या विलायती गाडीपायी. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिचे सुटे भाग इंग्लंडहून मागवता येतात, पण पेन्शनीत परवडत नाहीत. "जन्मभर लोकांकडून ड्यूटी वसूल केली, आता स्वतः भरू होय?" असं म्हणत ते मला मल्लिक बाजारातल्या जुन्या भागांच्या दुकानांत हिंडवत. आमची पद्धत ठरलेली होती. दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करायची आणि आपसातलं मराठीत बोलायचं, अगदी त्याच्या तोंडावर. इथे मराठी कोणाला कळतंय! वर्षानुवर्षं हे खपलं आणि आम्ही, म्हणजे मुख्यतः मी, भलताच शेफारलो.

दोन वर्षांपूर्वी गाडीच्या हेडला, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या जड लोखंडी भागाला, तडा गेला. सोमवारी नोंदणी वाढवण्यासाठी तपासणी होती. मुदत आधीच एकदा वाढवून घेतली होती. इंजिन सुरू झालं नाही तर गाडी भंगारात जाणार, हे नक्की. शुक्रवारी अख्खा बाजार पालथा घातल्यावर साहाबाबूंच्या दुकानात तसंच हेड निघालं. दामल्यांनी त्यावरून हळूहळू बोट फिरवलं. कुठेही चीर नव्हती. पण साहाबाबूंनी भाव सांगितला आणि माझं डोकं फिरलं. दिवसभराची पायपीट, वरून ऊन... मी मराठीत म्हणालो, "चोर आहे हा म्हातारा. निम्मे सांगा आणि चालायला लागा. झक मारत बोलावेल."

साहाबाबूंनी हेड उचललं, मागच्या फळीवर ठेवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "परळच्या गॅरेजात चौदा वर्षं काढलीत मी. चोराकडून कशाला घेता? निघा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॅक्सीत दामले खिडकीबाहेर बघत राहिले. उद्या मी जाऊन साहाबाबूंची माफी मागतो, असं मी म्हणायला हवं होतं. जीभ उचललीच नाही. शनिवारी दामले एकटेच गेले. मी घरी फोनकडे बघत बसलो होतो. जेवण गेलं नाही, बायकोवर उगाच खेकसलो. संध्याकाळी सहाला फोन आला. "मिळालं. भाव त्यांचाच." रविवारी मिस्त्रीने ते बसवलं आणि सोमवारी गाडी तपासणीतून सुटली. साहाबाबू कसे तयार झाले, हे मी पुढे दहा वेळा विचारलं असेल. दर वेळी दामले विषय कार्ब्युरेटरवर नेत.

त्या दुकानावरून जायचं मी तेव्हापासून टाळलं. पण वहिनींना गाडी चालू ठेवायची आहे, आणि आता तिचं गॅस्केट, म्हणजे हेडखालचा पातळ पत्रा, गेलंय. गेल्या शनिवारी नाइलाजाने गेलो. साहाबाबूंनी लगेच ओळखलं. दामले गेल्याचं सांगितलं तेव्हा ते काउंटरमागून बाहेर आले. "त्या दिवशी सकाळपासून या बाकावर बसून होते," ते म्हणाले. "मी गिऱ्हाईकं करत होतो, त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतो. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा म्हणाले, बाजारात असं बोलायला मीच शिकवलंय पोराला. शिक्षा मला करा, त्याच्याविषयी मनात काही ठेवू नका."

पन्नाशीतल्या मला ते पोर म्हणाले होते.

"त्यांनी जन्मात कुणाला चोर म्हटलं नाही हो," मी म्हणालो. "ते सगळं माझंच होतं. मला माफ करा."

"ते काय मला ठाऊक नव्हतं?" साहाबाबू म्हणाले. "ऐकत होतो ना मी. पण एवढा मोठा साहेब तुमच्यासाठी खोटं बोलतोय म्हटल्यावर... दिलं हेड."

ते गॅस्केट शोधायला आत गेले. मी त्या बाकावर बसलो. लाकडी, अरुंद, पाठ टेकायला काही नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस दिवसभर इथे बसला होता. साहाबाबूंनी गॅस्केट आणून काउंटरवर ठेवलं. मला उठवेना.